भाऊ एसएसडी घेऊन येतोय, तोवर मी काय तयारी करू?

या महिन्यात लॅपटॉपचेच प्रश्न जास्त आलेत. साहजिक आहे, गणपतीला मुंबई-पुण्याची माणसं गावी येतात, त्यातला कोणीतरी कॉम्प्युटरमधलं कळणारा असतो आणि घरातली वर्षभराची कामं त्याच्यासाठी राखून ठेवलेली असतात. पहिला प्रश्न मला फार आवडला म्हणून त्याला जागा जास्त दिलीय, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न (गुहागर तालुका): नमस्कार दादा, आमचा छोटा होमस्टे आहे, चार खोल्यांचा. २०१९ ला घेतलेला लॅपटॉप आहे, आय-थ्री आठवी जनरेशनचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. हल्ली चालू व्हायलाच सहा-सात मिनिटं लागतात, टास्क मॅनेजर उघडला की डिस्क १०० टक्के दाखवतो, पाहुणे बॅगा घेऊन पडवीत उभे आणि माझं बिल काही प्रिंट होत नाही. भाऊ गणपतीला येताना एसएसडी आणणार आहे आणि विंडोज नवीन टाकून देणार आहे, पण आमचा गणपती दीड दिवसाचा, तोही तेवढाच राहणार, त्यात पूजा, आरत्या, येणारे-जाणारे. तर तो यायच्या आधी मी माझ्या बाजूने काय करून ठेवू? स्क्रू उघडायची सवय नाही पण सांगितलंत तर सगळं करीन.

उत्तर: ताई, एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, ती बसवणं अर्ध्या तासाचं काम आहे, विंडोज टाकणं अजून अर्धा-पाऊण तास. दिवस जातो तो त्यानंतर, तो पासवर्ड काय होता, प्रिंटरचा ड्रायव्हर (त्याला विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर) कुठे मिळेल, गेल्या सीझनचं रजिस्टर कुठे गेलं, यात. आणि हे सगळं तुम्हालाच माहीत असतं, भावाला नाही. म्हणजे या कामाचा मोठा भाग तुमचाच आहे आणि तो भाऊ यायच्या आधीच व्हायला हवा. आगोटीची भरणी आपण पाऊस सुरू झाल्यावर करत नाही ना, तसंच.

आधी खरेदीचं. भावाला आजच लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर पाठवा, तो खालच्या बाजूच्या स्टिकरवर असतो, नुसतं कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही. तुमच्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क आहे म्हणजे अडीच इंची साटा एसएसडी तिच्याच जागी नक्की बसेल, ती ७ मिलिमीटर जाडीची येते. त्या सुमाराच्या बऱ्याच मॉडेलमध्ये शिवाय एम डॉट टू नावाची छोटी खाच पण असते, च्युइंगमच्या पट्टीएवढी एसएसडी लागते ती, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. पण त्या पट्टीत दोन जाती आहेत, साटा आणि एनव्हीएमई, दिसायला जवळजवळ सारख्या, आणि एकीच्या खाचेत दुसरी चालेलच असं नाही. मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये खात्री झाली तर पट्टी घ्या, नाहीतर सरळ अडीच इंची घ्या, कारण दीड दिवसात बदलून आणायला तुम्ही गुहागरहून कुठे जाणार. साइज ५०० जीबी पुरे, विंडोजमध्ये ती ४६५ दिसेल, तो घोळ मोजण्याच्या पद्धतीचा आहे, फसवलं असं समजू नका. आणि ऑनलाइन कुठेतरी २ टीबी अगदी कवडीमोलाने दिसली तर तिकडे बघूच नका, आत छोटी चिप असते आणि आकडा खोटा दाखवतात. त्याच खेपेला रॅमचं पण बघा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात मेमरी, तिथे किती स्लॉट वापरलेत ते लिहिलेलं असतं, एक रिकामा असेल तर अजून ४ जीबीची पट्टी आणायला सांगा. विंडोज ११ ला किमान ४ जीबी चालते म्हणतात पण ब्राउझरमध्ये बुकिंगची दोन पानं उघडली की ४ संपते.

एसएसडीने एवढा फरक का पडतो हे पण सांगतो. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते, मिनिटाला ५४०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद, आणि विंडोज चालू होताना हजारो बारीक बारीक फायली इथून तिथून मागत असतं, प्रत्येकीसाठी सुई हलायची आणि तबकडी फिरून त्या जागी यायची. तुम्हाला दिसणारे ते १०० टक्के म्हणजे ही धावपळ. एसएसडीत हलणारं काहीच नाही. म्हणून तुमचा आय-थ्री वाईट नाहीये, तो बिचारा डिस्कची वाट बघत बसलाय.

आता खरं काम, बॅकअप. याला एक आठवडा द्या. लॅपटॉपशेजारी वही ठेवा आणि आठवडाभर जे जे उघडाल ते लिहा, बुकिंगची साइट, बँक, लाइट बिल, ज्या एक्सेलमध्ये पाहुण्यांचा हिशोब ठेवता ती फाइल, आधार कार्डांचे स्कॅन कुठे सेव्ह होतात तो फोल्डर, प्रिंटर कुठला, सगळं. आठवणीने यादी केली की हमखास काहीतरी राहतं, हाताखालून जाईल तसं लिहिलं की राहत नाही. मग बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क घ्या आणि सी ड्राइव्हमधला यूजर्स, त्यातला तुमच्या नावाचा फोल्डर, तो अख्खा कॉपी करा, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स सगळं त्यात येतं. त्यात वनड्राइव्ह असेल तर ज्या फायलींपुढे ढगाचं चिन्ह आहे त्या तुमच्या लॅपटॉपवर नाहीतच, ऑनलाइन आहेत, त्यांचं अकाउंट आणि पासवर्ड हातात असला की झालं.

डी ड्राइव्हचं तर मोठ्याने सांगायला हवं. "माझे सगळे फोटो डी ला आहेत, सी गेला तरी डी राहतो" असं निम्मे लोक म्हणतात. सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन दालनं आहेत. डिस्क काढली की दोन्ही निघाली, डिस्क बिघडली की दोन्ही बिघडली. तेव्हा डी पण कॉपी करायचा.

आणि कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं नाही. ती डिस्क दुसऱ्या कोणाच्या कॉम्प्युटरला लावा आणि पाच-सहा फायली उघडून डोळ्यांनी बघा, एखादा फोटो, ती एक्सेल, एखादी पीडीएफ. उघडल्या तरच विश्वास ठेवा. नंतर ती डिस्क लॅपटॉपजवळ ठेवू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर माझ्याकडे एक दुकानदार आले होते, त्यांनी नेमाने बॅकअप घेतला होता, दर शनिवारी, वहीत तारखासुद्धा लिहिलेल्या. पण बॅकअपची डिस्क लॅपटॉपच्याच टेबलाच्या खालच्या खणात. मी ती उघडली तेव्हा तबकडीवर चहाच्या सायीसारखा चिखलाचा पापुद्रा बसला होता. त्या माणसाचा चेहरा मला अजून दिसतो. म्हणून दुसरी एक प्रत माहेरी ठेवा, किंवा महत्त्वाचं तेवढं गूगल ड्राइव्हवर टाका, पण दुसऱ्या छपराखाली एक प्रत हवीच.

पासवर्ड क्रोममध्ये सेव्ह असतील तर क्रोम कुठल्या जीमेलने साइन इन आहे ते बघा आणि सिंक चालू आहे ना ते बघा. ते सगळे पासवर्ड मोबाइलच्या क्रोममध्ये त्याच अकाउंटने दिसले की निर्धास्त व्हा.

मराठी फॉन्ट! हे कोणी सांगत नाही. आमच्या इथल्या एका देवस्थानचा लॅपटॉप मी असाच नवीन करून दिला होता, देणगीदारांची यादी, वर्षासन, उत्सवाचे मानकरी, सगळं वर्षानुवर्षं एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं. फायली सगळ्या नीट कॉपी झालेल्या. नवीन विंडोजवर उघडल्या तर मराठीच्या जागी डॉलर, टक्के, तुटकी इंग्रजी अक्षरं. पुजारीकाका माझ्याकडे बघतायत, मी स्क्रीनकडे. झालेलं असं की ते जुने फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे नंबर असलेले, नसतात, आत इंग्रजी अक्षरांचेच नंबर असतात आणि फॉन्ट त्यावर फक्त मराठी आकार चढवतो, फॉन्ट गेला की आकार गेला. जुनी डिस्क मी पुसलेली नव्हती, तिच्यातल्या विंडोज फोल्डरमधल्या फॉन्ट्समधून तो फॉन्ट उचलला आणि यादी परत दिसायला लागली, पण पुसली असती तर? तुमचं जुनं मेन्यू कार्ड, पाटी, लेटरहेड असं काही असेल तर तो फॉन्ट्सचा फोल्डर पण बॅकअपमध्ये घ्या. आणि मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर विकत घेतलेलं असेल तर त्याचा इन्स्टॉलर आणि यूएसबी डोंगल जपून ठेवा. नवीन काही टाइप करताना मात्र युनिकोडमध्येच करा, विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आतूनच मिळतो.

लायसन्सची काळजी करू नका. विंडोजसकट घेतलेल्या लॅपटॉपमध्ये लायसन्सची की, म्हणजे तिचा नंबर, मदरबोर्डच्या चिपमध्येच असते, डिस्क बदलल्याने ती जात नाही, आणि १० ची ११ ला चालते. आपल्याकडच्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा होम सिंगल लँग्वेज असतं, इन्स्टॉल करताना तेच येईल, कोणी प्रो टाकूया म्हणालं तर नको म्हणा, लायसन्स जुळणार नाही. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. लॅपटॉपबरोबर ऑफिस मिळालं असेल तर ते ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलंय तो ईमेल शोधा, हा ईमेल बऱ्याचदा दुकानातल्या पोराने त्या दिवशी घाईत बनवलेला असतो आणि त्याचा पासवर्ड कोणालाच माहीत नसतो, तर तो आत्ताच रिसेट करून घ्या. सेटिंग्जच्या सर्चमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या माहितीला लावलेलं कुलूप, ते पण टाइप करून बघा. ते चालू असेल तर जुनी डिस्क बाहेरून जोडल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागेल, ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते, वहीत उतरवा किंवा एन्क्रिप्शन बंद करून पूर्ण उतरू द्या, हार्ड डिस्कला त्याला काही तास लागतात.

पेनड्राइव्ह पण तुम्हीच करून ठेवा, ८ जीबीचा किंवा मोठा, रिकामा, कारण त्यातलं सगळं पुसलं जातं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर विंडोज ११ चं मीडिया क्रिएशन टूल आहे, ते चालवलं की ते स्वतःच डाउनलोड करून पेनड्राइव्ह बनवतं. पाच जीबीच्या वर उतरतं, म्हणून रात्री लावून झोपा. गणपतीत हे करायला गेलात तर अख्खी वाडी घरी आलेली असते आणि टॉवरला दम नसतो, तुम्हाला माहितीच आहे. पेनड्राइव्ह तयार झाल्यावर त्यातच एक फोल्डर करून लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून वायफायचा ड्रायव्हर आणि तुमच्या प्रिंटरचा ड्रायव्हर टाका. विंडोज ११ होम सेटअपच्या वेळी इंटरनेट मागतं आणि वायफाय ओळखलं नाही तर गाडी तिथेच अडते. तरीही अडलं तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेथरिंग चालू करा, म्हणजे मोबाइलचं नेट लॅपटॉपला मिळतं, ते बहुतेक वेळा ड्रायव्हरशिवाय चालतं. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक पण आधीच चालवून बघा, आठवी जनरेशन चालते, फक्त कधीकधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, टीपीएम नावाची सुरक्षेची सोय बंद असते ती चालू करावी लागते.

उघडण्याचं काम भावावर सोडा पण त्याला हे वाचायला द्या. समुद्राजवळच्या लॅपटॉपचे स्क्रू साधे नसतात. पाच-सहा वर्षं खारा वारा खाल्लेल्या स्क्रूच्या डोक्यात तांबूस पूड धरलेली असते, त्यात पातळ स्क्रूड्रायव्हर फिरवला की चौकडी झिजून गुळगुळीत वाटी होते आणि मग तो स्क्रू कोणाच्या बापाला निघत नाही. आधी टाचणीने ती पूड काढायची, मग बरोबर मापाचा फिलिप्स, बहुतेक पीएच झिरो, वरून दाबून आणि सावकाश. घसरायला लागला तर मध्ये रुंद रबरबँड ठेवून फिरवा, पकड येते. दोन स्क्रू रबराच्या पायांखाली लपलेले असू शकतात. कागदावर लॅपटॉपची चौकट काढा आणि निघेल तो स्क्रू त्याच जागी टोचून ठेवा, लांबी वेगवेगळी असते, लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला तर कीबोर्डच्या बाजूने टेंगूळ येतं. झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, मग पॉवरचं बटन पंधरा-वीस सेकंद दाबून धरायचं, मगच आत हात. आतमध्ये जांभ्याची लाल धूळ आणि पंख्यात लोकरीसारखा थर सापडेल, मऊ ब्रशने काढा. साटाच्या कनेक्टरवर किंवा रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट डाग दिसले तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, मेडिकलमधलं साधं स्पिरिट नको, त्यात पाणी असतं.

विंडोज टाकताना लॅपटॉपमध्ये फक्त नवीन एसएसडी असू दे. दोन्ही डिस्क लावून इन्स्टॉल केलं तर कधीकधी चालू होण्याच्या फायली जुन्या डिस्कवरच जाऊन बसतात आणि ती काढली की लॅपटॉप उठत नाही. इन्स्टॉलमध्ये कस्टम निवडायचं, रिकामी जागा दिसेल तिच्यावर क्लिक करून नेक्स्ट, पार्टिशन तो स्वतः करतो. बॅटरी आधी पूर्ण चार्ज केलेली हवी, म्हणजे मधे लाइट गेली तरी अडणार नाही. आणि ती जुनी १ टीबीची डिस्क यूएसबी केसमध्ये घालून निदान दिवाळीपर्यंत हात न लावता ठेवा. जे राहिलं असेल ते तोवर आठवेलच.

प्रश्न (देवगड): आंब्याचा व्यवसाय आहे, दहा वर्षांच्या गिऱ्हाइकांचे पत्ते आणि पेट्यांचे हिशोब एकाच कॉम्प्युटरवर. गेल्या आठवड्यापासून हार्ड डिस्कमधून टिक टिक असा आवाज येतो आणि मधेच हँग होतो. एसएसडी आणलीय, तिच्यावर जशीच्या तशी क्लोन करू का, म्हणजे परत सगळं टाकायला नको?

उत्तर: थांबा. क्लोन करू नका, आणि हे वाचेपर्यंत तो चालू असेल तर बंद करा.

टिकटिक म्हणजे सुई जागा शोधतेय आणि तिला ती सापडत नाहीये. अशी डिस्क किती तास चालेल ते कोणी सांगू शकत नाही, एक तास पण असेल, महिना पण असेल, तेव्हा तिचे उरलेले तास विंडोजच्या फायली कॉपी करण्यात का घालवायचे? क्लोनिंगमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी डिस्क वाचली जाते, खराब जागेवर ते पुन्हा पुन्हा आपटतं आणि तुमचा हिशोबाचा फोल्डर नंबर लागेपर्यंत डिस्कच जाते. त्याऐवजी पुढच्या वेळी चालू कराल तेव्हा हातात पेनड्राइव्ह तयार ठेवा आणि पहिल्यांदा पत्त्यांची फाइल, मग हिशोब, मग बाकीचं, याच क्रमाने घ्या. टॅली असेल तर तिचा डेटा फोल्डर. फोटो, व्हिडिओ सगळ्यात शेवटी. एखाद्या फाइलवर अडकलं तर ती सोडून पुढे चला, तिच्यामागे लागू नका.

हे झाल्यावर पाहिजे तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवून बघा, त्यात रिअलोकेटेड सेक्टर, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल अशा तीन ओळी असतात, तिन्हींचे आकडे शून्य हवेत. पेंडिंगचा आकडा रोज वाढत असेल तर निकाल लागला समजा. विंडोजमधलं डिस्क आवरायचं डीफ्रॅग नको, दुरुस्तीचं चेकडिस्क पण नको, ते डिस्कवर लिहायला लागतं आणि मरणाऱ्या डिस्कवर लिहिणं सगळ्यात वाईट. फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला कोणी देईल, आपल्या दमट हवेत बाहेर काढल्याबरोबर तबकडीवर दव धरेल, अजिबात करू नका. डिस्क ओळखलीच जात नसेल तर तिला घरी कोणाला उघडू देऊ नका, डेटा रिकव्हरीवाल्यांकडे बंद स्थितीत द्या, ते महाग पडतं पण दहा वर्षांची गिऱ्हाइकं परत जोडण्यापेक्षा महाग नाही.

एसएसडीवर मग विंडोज नवीनच टाका. आजारी डिस्कवरून जसंच्या तसं उचललं तर बिघडलेल्या फायली पण तशाच येतात, आणि महिन्याभराने काहीतरी उघडत नाही तेव्हा कारण सापडत नाही.

प्रश्न (सावंतवाडी): कॉलेजला आहे. सेकंडहँड लॅपटॉप घेतला, आय-फाइव्ह पाचवी जनरेशन, ८ जीबी. एसएसडी टाकायची आहे पण विंडोज ११ चालणार नाही असं दाखवतं. दुकानवाला म्हणतो मी कसंतरी टाकून देतो. टाकू का?

उत्तर: एसएसडी जरूर टाक, त्याचा फायदा पाचव्या जनरेशनला पण तेवढाच होतो आणि अडीच इंची घेतलीस तर पुढे दुसऱ्या लॅपटॉपमध्ये पण नेता येते. विंडोज ११ ला साधारण आठवी जनरेशन आणि टीपीएम २.० लागतो, ती तपासणी चुकवून टाकता येतं हे खरं आहे, पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही, आणि ऐन परीक्षेत एखादा मोठा अपडेट अडला तर तो दुकानवाला येणार नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, नोंदणी करून सुरक्षेचे वाढीव अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात.

माझं मत विचारशील तर लिनक्स मिंट बघ. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, फुकट आहे, आणि पेनड्राइव्हवरून चालू करून डिस्कला हात न लावता वापरून बघता येतं, वायफाय लागतं का, आवाज येतो का, मराठी टाइप होतं का, सगळं आधी बघ आणि मगच टाक. तुझ्या कोर्सला टॅली किंवा कोरलड्रॉ लागत असेल तर मात्र नको, ती तिथे सरळ चालत नाहीत. प्रोग्रामिंग, ब्राउझर, प्रोजेक्ट लिहिणं एवढं असेल तर उत्तम. आणि क्रॅक केलेलं विंडोज कोणी टाकून देत असेल तर घेऊ नकोस, त्या क्रॅकबरोबर आत काय येतं ते कोणी तपासत नाही आणि यूपीआय, स्कॉलरशिपचं लॉगिन सगळं त्याच मशीनवर असतं तुझं.

प्रश्न (अलिबाग): नवीन एनव्हीएमई बसवली, बायोसमध्ये दिसते, पण विंडोजच्या इन्स्टॉलमध्ये ड्राइव्हची यादी रिकामी येते. एसएसडी खराब आली का?

उत्तर: बहुतेक नाही. लॅपटॉप इंटेल अकरावी जनरेशन किंवा पुढचा असेल तर त्यात व्हीएमडी नावाची, एसएसडीचा कारभार बघणारी इंटेलची सोय चालू असते आणि इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, सुटा करून पेनड्राइव्हवर टाका, आणि त्याच रिकाम्या यादीच्या पानावर लोड ड्रायव्हर दाबून तो फोल्डर दाखवा. ड्राइव्ह दिसेल. काही मॉडेलमध्ये बायोसमधून व्हीएमडी बंद पण करता येतो, पण आधीचं विंडोज असलेल्या मशीनवर ते करू नका, ते उठणार नाही.

प्रश्न (मालवण): लॅपटॉप बदलला, जुन्यातली एसएसडी उरलीय. तिच्यात घरातले सगळे जुने फोटो भरून कपाटात ठेवून देऊ का? हार्ड डिस्कपेक्षा मजबूत ना?

उत्तर: पडली तर मजबूत, ठेवून दिली तर नाही. एसएसडीत माहिती विजेच्या भाराच्या रूपात साठलेली असते आणि वीज न देता ठेवली की तो भार हळूहळू गळतो. चिपची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेचं मानक असं आहे की लिखाणाची ठरलेली मर्यादा संपलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंशाला वीज नसताना एक वर्ष माहिती धरली पाहिजे. नवीन एसएसडी यापेक्षा पुष्कळ जास्त धरते, पण तुमची वापरलेली आहे, आणि मालवणात मे महिन्यात पत्र्याखालच्या कपाटात ३० अंश म्हणजे गारवाच म्हणायचा. उष्णतेने गळती वाढते. शिवाय एसएसडीवरून चुकून डिलीट झालेलं परत मिळवणं जवळजवळ अशक्य, कारण ट्रिम चालू असतं आणि ते रिकामी झालेली जागा आतून पुसून टाकतं, हार्ड डिस्कवर निदान आशा असते.

तर फोटो साध्या यूएसबी हार्ड डिस्कवर ठेवा, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, त्या गुलाबी किंवा हिरव्या पडल्या की बदलायच्या. ज्या डब्यात कॅमेऱ्याची लेन्स बुरशी येऊ नये म्हणून ठेवता तोच चालेल. दर सहा महिन्यांनी बाहेर काढून लावायची, थोडे फोटो उघडून बघायचे. दुसरी प्रत मुंबईच्या नातेवाइकांकडे. आणि ती उरलेली एसएसडी यूएसबी केसमध्ये घालून रोजच्या ने-आणीला वापरा, त्या कामाला ती झकास आहे.